कोटितीर्थाच्या काठचा चित्रकार

निसर्गचित्र म्हटलं की आपल्या मराठी घरांत एकच चित्र डोळ्यांपुढे येतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, तिथूनच निघालेली नदी, काठावर झोपडी, नारळाचं झाड आणि आभाळात चारच्या आकड्यासारखे पक्षी. लहानपणी आपण सगळ्यांनीच ते काढलं आहे. त्यात वाईट काही नाही; फक्त त्या चित्रात काढणारा कुठेच नसतो.

काढणारा चित्रात उतरतो म्हणजे काय होतं, हे पाहायचं तर कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्याकडे जावं लागतं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा माणूस. पाश्चात्त्य पद्धतीचं रेखाटन हातात मुरलेलं, पाठीशी राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय. व्यक्तिचित्रं करून त्यांना सुखानं राहता आलं असतं. त्या काळी पैसा होता तो व्यक्तिचित्रांतच. संस्थानिकाला, सावकाराला, वकिलाला आपला चेहरा दिवाणखान्यात टांगलेला हवा असे. तळ्याच्या चित्राला कोण गिऱ्हाईक? तरीही आबालाल यांचं मन रमलं ते कोटितीर्थाच्या पाण्यात, रंकाळ्यावर, पंचगंगेच्या घाटावर. रंकाळ्याकाठच्या संध्यामठाचं त्यांचं चित्र तर त्यांच्या नावाशी कायमचं जोडलं गेलं आहे.

हे काम जलरंगात करणं म्हणजे काय, ते एकदा ब्रश हाती घेतल्याखेरीज कळत नाही. तैलरंगात चुकलं तर खरवडता येतं, वर दुसरा थर देता येतो. जलरंगात तशी सोय नाही. पांढरा रंग लावायचा नसतो. कागद कोरा सोडायचा असतो. पाण्यावरची चमक कुठे राहणार, हे पहिला हात फिरवण्याआधीच ठरवावं लागतं. त्यात आपल्याकडची संध्याकाळ केवढी? सूर्य टेकल्यापासून अंधार पडेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं, त्यातही दर दोन मिनिटांनी रंग पालटतो. समोरचं जसंच्या तसं उतरवायला वेळच नसतो. मग कागदावर जे उतरतं ते तळं आणि तळ्याकडे पाहणाऱ्याचं मन, यांच्या मधलं काहीतरी.

म्हणूनच एकाच तळ्याकडे पुन्हा पुन्हा जाण्याला मी अध्यात्म म्हणतो. चित्रात मंदिर किंवा समई दाखवल्यानं ते येत नाही. वारकरी दरवर्षी त्याच वाटेनं त्याच पंढरीला जातो, त्याला कोणी विचारत नाही की गेल्या वर्षी पाहिलं होतं ना? आबालाल यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करण्याचा व्यवसाय होता, असं सांगतात. तोच मजकूर, तीच अक्षरं, दर खेपेला तितक्याच निष्ठेनं. ते वळण मुलाच्या हातात उतरलं असेल, असं मला आपलं वाटतं. पुरावा मागू नका. त्या हातानं हिंदूंच्या मठावरची संध्याकाळ रंगवली, याचं त्या कोल्हापुरात कोणाला नवल वाटलं असेल असंही वाटत नाही.

आता त्या प्रसिद्ध कथेकडे. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले आणि खचलेल्या आबालाल यांनी आपली चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं म्हणतात. कोणी हजारांत आकडा सांगतो, कोणी वीस हजारांपर्यंत जातो. आयुष्य बँकेत काढल्यामुळे आकडा दिसला की मी भागाकार करून पाहतो. चाळीस वर्षं धरली तरी वर्षाला पाचशे चित्रं झाली. आकडा बाजूला ठेवू. मला खटकतं ते आपण या कथेला दिलेलं नाव. आपण त्याला 'वैराग्य' म्हणतो आणि हात जोडतो. पण आधार गेलेला, हलाखीत दिवस काढणारा, ज्याच्या कामाला गावात बाजार नाही असा माणूस स्वतःचं काम पाण्यात सोडतो, त्यात वैराग्य किती आणि उद्वेग किती? 'कलातपस्वी' ही पदवी द्यायला खर्च येत नाही; चित्र विकत घ्यायला येतो. १९३१ मध्ये ते वारले. त्यांची थोरवी पुढच्या चित्रकारांनी ओळखली, सांगितली. गावानं ती तेव्हाच ओळखली असती तर तळ्यात काही गेलंच नसतं कदाचित.

जी चित्रं उरली, तीही नाजूक आहेत. जलरंग उजेडानं विटतो, कागद दमटपणानं डागाळतो. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात दोन्हीची काळजी घ्यावी लागते. अशी चित्रं मंद प्रकाशातच ठेवायची असतात आणि अधूनमधून भिंतीवरून उतरवून त्यांना अंधारात विश्रांती द्यायची असते. प्रेक्षकांची तक्रार असते की नीट दिसत नाही. थोडं थांबलं, डोळे सरावले की दिसू लागतं: आधी पाणी, मग काठ, आणि सर्वांत शेवटी तो कोरा सोडलेला कागद.