चेक तुमचा, विहीर कुणाची?

टेक्सासमध्ये 'मेलबॉक्स मनी' असा एक लाडका शब्द आहे. काहीही न करता टपालपेटीत येऊन पडणारा चेक! तो येतो जमिनीखालच्या तेलाच्या मालकीतून, म्हणजे मिनरल राइट्समधून. 'पॅसिव्ह इन्कम'चं वेड लागलेल्या आपल्या मंडळींना हे ऐकून तोंडाला पाणी सुटतं. माझं म्हणणं, या चेकमध्ये एक चलाखी आहे आणि ती बंद व्हायला हवी.

आपल्याकडे सातबारा तुमच्या नावावर असला तरी तेल काढायचा परवाना सरकार देतं आणि रॉयल्टीही सरकारकडेच जाते. तिकडे तसं नाही. वरची जमीन एकाची, खालचं तेल दुसऱ्याचं, असं वेगवेगळं विकता येतं. त्यातही पारडं जड तेलवाल्याचं. तेल काढायला रीतसर लागेल तेवढी वरची जमीन त्याला वापरता येते. विहीर खोदायचा खर्च कंपनीचा, मालकाला आयता हिस्सा. पूर्वी तो बहुधा एक अष्टमांश असे.

आता ईस्ट टेक्सासचं तेलक्षेत्र बघा. 1930 मध्ये तिथे 'डेझी ब्रॅडफर्ड नं. 3' या विहिरीला तेल लागलं आणि झुंबड उडाली. किलगोर गावात जेमतेम एकरभर जागेत 24 विहिरी! का? तर नियमच असा की जो उपसेल त्याचं तेल. शेजाऱ्याने उपसायच्या आत आपण उपसा. 1931 मध्ये भाव इतका कोसळला की गव्हर्नरने नॅशनल गार्ड पाठवून विहिरी बंद करायला लावल्या. पुढे 30 हजारांच्या आसपास विहिरी झाल्या आणि 5 अब्जांवर बॅरल तेल निघालं.

असं क्षेत्र म्हातारं झालं की काय होतं? मालकी नातवंडा-पतवंडांत वाटली जाऊन अपूर्णांकात येते, चेक मात्र चालू. मोठी कंपनी आटत आलेली विहीर छोट्या कंपनीला विकते, ती आणखी छोट्या कंपनीला. शेवटची दिवाळं काढते आणि विहीर अनाथ होते. सिमेंट भरून बुजवली नाही तर खारं पाणी भूजलात शिरू शकतं, मिथेन गळू शकतो. बुजवायची जबाबदारी ऑपरेटरची. तो गायब, मग सरकारची. 2021 मध्ये अमेरिकन काँग्रेसने देशभरातल्या अनाथ विहिरींसाठी 4.7 अब्ज डॉलर मंजूर केले. म्हणजे ज्याने जन्मात तेलाची विहीर पाहिली नाही, त्याच्याही खिशातून. रॉयल्टीवाल्यांना बिल? शून्य.

आपल्या भाषेत सांगायचं तर लायसन्स फी एकाने खायची आणि वीस वर्षांपूर्वीचा सडका कोड दुसऱ्याने सांभाळायचा. ऑफिसात असं झालं तर आपण किती बोंब मारतो!

यावर ठरलेली उत्तरं येतात. 'ती बिचारी साधी माणसं आहेत, चेक चाळीस डॉलरचा असतो.' बरं, मग टक्क्यांत कापा. चाळीसाला थोडे, चाळीस हजारांना जास्त. 'ते आधीच कर भरतात.' खरंय, टेक्सासचा 4.6 टक्के उत्पादन कर त्यांच्याही हिश्श्यातून जातो. पण तो काही विहिरी बुजवायला राखून ठेवलेला नाही. साफसफाईची वेगळी फी आहे, ती बॅरलमागे किती? एका सेंटचा पाच अष्टमांश! सेंटसुद्धा पुरा नाही राव.

'करारात ऑपरेटर जबाबदार आहे ना' हे उत्तर तर सगळ्यात लबाड. विहीर देत होती तेव्हा हिस्सा तेलावर होता, नफ्यातोट्यावर नाही. कंपनी बुडत होती तेव्हाही चेक येतच होता. वारसाहक्काने चेक येतो, तर त्याच वारशातली विहीर कशी काय नाकारता?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक रॉयल्टी चेकमधून पहिल्या बॅरलपासून ठरावीक टक्के कापा, त्या विहिरीच्या नावाने बाजूला ठेवा आणि ती नीट बुजेपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका. मालकी कुणाची हिरावून घ्या असं मी म्हणत नाही. फक्त पूर्ण घ्या म्हणतोय, मलई आणि खरवड दोन्ही.

तुमच्यापैकी कुणी असे हक्क विकत घ्यायच्या विचारात असाल, तर पुढचा चेक किती हे विचारायच्या आधी एवढं विचारा: ही विहीर शेवटी कोण बुजवणार?