नाव काय आलं?

एका पतसंस्थेच्या वसुली ॲपचा कोड या आठवड्यात पाहण्यात आला. ‘होस्टनेम तपासणी सोपी केली’ अशी नोंद, आणि खाली एकच ओळ: रिटर्न ट्रू. म्हणजे सर्व्हरनं कुणाच्याही नावाचं सर्टिफिकेट पुढं केलं, तरी ॲपनं मान डोलवायची. टेस्ट सर्व्हरला नुसत्या आयपी पत्त्यानं जोडताना एरर येत होती, ती गेली. एरर दिसेनाशी झाली की काम झालं, हा आपला राष्ट्रीय रोग.

समोर कोण आहे हे न पाहायची सवय जुनीच. आमची धसई आठवत असेलच. १ डिसेंबर २०१६, राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव, अर्थमंत्री मुनगंटीवार, बँक ऑफ बडोदाची स्वाइप मशीनं, वडापावसुद्धा कार्डावर. ते मशीन आत कुणाशी बोलतंय, हे गिऱ्हाइकाला कळायची सोय नव्हती. फीत कापणाऱ्यांनाही ती चौकशी नव्हती. आता टपरीटपरीवर क्यूआर आहे. स्कॅन केलं की पिन टाकायच्या आधी नाव येतं, आणि दुकानदार सुट्टे मोजता मोजता विचारतो, “नाव काय आलं?” रात्री कुणी त्याच्या क्यूआरवर आपला स्टिकर डकवला, तर बँक खरी, खातं खरं, केवायसी झालेली, पैसेही बिनबोभाट जाणार. फक्त दुसऱ्याला. ॲप आणि सर्व्हरच्या बोलण्याला कुलूप लावणाऱ्या टीएलएसमध्ये हेच घडतं. सही खरी, मुदत शिल्लक, देणारी संस्था विश्वासातली. पण असं सर्टिफिकेट स्वतःच्या डोमेनसाठी चोरालाही फुकट मिळतं. तो वायफायवर मध्ये बसला आणि ॲपनं नाव पाहिलं नाही, तर कुलूप लावूनही किल्ली त्याच्याच हातात. टपरीवाल्याला हे कळतं. ॲपवाल्याला पदवी आड येत असावी.

शहाणेही यात फसलेत. टेक्सास आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ॲमेझॉन, पेपालच्या लायब्रऱ्यांत हीच भोकं दाखवली. कर्ल या लायब्ररीत नाव तपासायला २ द्यायचे होते. लोकांनी ट्रू दिलं, त्याचा झाला १, आणि १ म्हणजे सर्टिफिकेटवर नाव आहे एवढंच बघा, कुणाचं का असेना! ओपनएसएसएल या लायब्ररीनं तर २०१५ पर्यंत नाव तपासायचं काम ॲप लिहिणाऱ्यावरच सोडलं होतं. गुगल प्लेनं १ मार्च २०१७ पासून नाव न पाहताच होकार देणारा असा ढिला व्हेरिफायर असलेली ॲप्स अडवायची ठरवली. धसईच्या सोहळ्याला तेव्हा तीनच महिने झाले होते.

सोपं करायचंच, तर तो रिटर्न ट्रूवाला व्हेरिफायर पुसून टाका. लायब्ररी नाव स्वतः तपासते, तुमच्याहून बरी. टेस्ट सर्व्हरला नाव द्या आणि ते सर्टिफिकेटच्या सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम या रकान्यात घाला. कॉमन नेमचा जुना रकाना २०२३ च्या आरएफसी ९५२५ या मानकानं बादच केलाय.

आणि पतसंस्थेच्या संचालक मंडळींनो, ॲपचं बिल पास करण्याआधी ॲप रॉंग डॉट होस्ट डॉट बॅडएसएसएल डॉट कॉम या पत्त्याकडे वळवायला सांगा. तिथलं सर्टिफिकेट मुद्दाम चुकीच्या नावाचं ठेवलंय. ॲप जोडलं गेलं, तर चेकवर सही करू नका.