अमेरिकेला कसला आलाय इतिहास?

‘अमेरिकेला कसला आलाय इतिहास? आमच्या गल्लीतला मारुती त्यांच्या देशापेक्षा जुना आहे!’ हा विनोद मी आजवर किती वेळा केला असेल याचा हिशेब नाही. बँकेतल्या सहकाऱ्यांपुढे केला, लेकीच्या सासरच्या मंडळींपुढे केला, आणि निवृत्तीनंतर तिच्याकडे न्यू जर्सीला गेलो तेव्हा तिथल्या गणेशोत्सवात, माझ्यासारख्याच पाहुण्या आजोबांच्या टाळ्या घेत पुन्हा एकदा केला. आता करत नाही. करवतच नाही. त्याला कारण माझा दहा वर्षांचा नातू.

त्याच्या शाळेत पाचवीला देशाचा आरंभीचा इतिहास असतो, वसाहतींच्या काळापासून पुढचा. तो शिकवून झाला की एक ‘वसाहत दिन’ साजरा होतो. मुलांनी त्या काळातल्या कुणाचा तरी वेष करून यायचं. लोहार, सुतार, छापखानेवाला, शेतकरी. आपल्याकडे गॅदरिंगला मुलं मावळे होतात, तसंच. लेक म्हणाली, ‘छापखानेवाला हो. तिकोनी टोपी आणि एप्रन, काम झालं.’ जावई म्हणाले, ‘लोहार सोपा पडेल.’ नातू गप्प होता. रात्री झोपायला जाताना माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, ‘आजोबा, खरं खरं सांगा. तेव्हा आपण असतो, तर कोण असतो?’

‘अरे, आपण तेव्हा पेशवाईत होतो!’ मी ऐटीत सांगितलं.

‘तिथे नाही. इथे.’

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्या देशाला इतिहासच नाही असं मी सांगत फिरत होतो, त्या देशात माझा नातू जन्मला होता, आणि त्या इतिहासात आपली जागा कुठे हे तो विचारत होता. दुसऱ्या दिवशी गावच्या वाचनालयात गेलो आणि मुलांच्या विभागातल्या त्या बुटक्या खुर्चीवर बसून पुस्तकं वाचायला लागलो. थंडी सुरू झाली होती, दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं.

पहिला धक्का पहिल्याच प्रकरणात बसला. या देशाची सुरुवात एका कंपनीने केली. लंडनच्या भागधारकांनी पैसे घालून काढलेल्या व्हर्जिनिया कंपनीने १६०७ मध्ये शंभरेक माणसं जेम्सटाउनला उतरवली. आपल्याकडे आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीची सनद १६०० सालची. म्हणजे दोघींत जेमतेम सहा-सात वर्षांचं अंतर. जेम्सटाउनचा धंदा आधी बुडीतच गेला. १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमारीने इतकी माणसं मेली की वसाहतीत साठेकच उरली. पुढे तंबाखूचं पीक सापडलं आणि कंपनीच्या वसाहतीत जीव आला.

मग आलं १६१९ साल. त्या एका उन्हाळ्यात जेम्सटाउनला दोन गोष्टी घडल्या. जुलैच्या अखेरीस वसाहतीतल्या निवडून दिलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. अमेरिकेतल्या लोकशाहीचा उगम म्हणून तिचा मान आहे. आणि महिनाभरातच, ऑगस्टच्या अखेरीस, जवळच्याच किनाऱ्याला एक जहाज लागलं. त्यातून पकडून आणलेल्या वीसेक आफ्रिकी माणसांना उतरवून घेतलं गेलं आणि त्यांच्या बदल्यात जहाजाला अन्नसामग्री दिली गेली. एकाच वसाहतीत, एकाच मोसमात, एकीकडे मतदान आणि दुसरीकडे माणसांची विक्री! मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो.

पुढचं वर्ष १६२०. ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला आले. पहिल्या हिवाळ्यात त्यांतले निम्मे दगावले. उरलेल्यांना मका कसा पेरायचा हे स्क्वांटो नावाच्या तिथल्याच एका रहिवाशाने शिकवलं, हे मुलांच्या प्रत्येक पुस्तकात असतं. पण स्क्वांटोला इंग्रजी कुठून येत होतं? त्याला काही वर्षांपूर्वी पकडून विकण्यासाठी युरोपात नेलं होतं. तो इंग्लंडमार्गे परतला तेव्हा त्याचं गाव साथीच्या रोगाने ओस पडलं होतं. त्याच जागेवर हे नवे लोक वस्ती करत होते. ज्याने शेती शिकवली, त्याच्याच गावाच्या राखेवर ती शेती उभी राहिली.

बॉस्टनच्या चहाची गोष्ट मला शाळेपासून ठाऊक होती. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या, वगैरे. पण तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, आणि कंपनीला अडचणीतून वर काढण्यासाठी पार्लमेंटने केलेल्या कायद्यामुळे तो तिथे आला होता, हे मी विसरलोच होतो. चहा चीनचा, कंपनी मात्र आपल्या ओळखीची. जॉन डिकिन्सन यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या पत्रकात, या कंपनीने आशियात काय केलं ते बघा, असा इशारा वसाहतवाल्यांना दिला होता. १७७० च्या दुष्काळात बंगालने जे सोसलं, त्याच्या बातम्या तिकडे पोचल्या होत्या. पुढे १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ज्या कॉर्नवॉलिसच्या फौजेने शरणागती पत्करली, तोच १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला. तिकडे हरलेला माणूस आपल्याकडे जमीनमहसुलाची घडी बसवून गेला!

एव्हाना मला रस वाटू लागला होता आणि त्याचबरोबर एक अस्वस्थताही. सगळी माणसं समान आहेत असं जाहीर करणारा १७७६ चा मसुदा ज्या जेफर्सनने लिहिला, त्याच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. १७८७ च्या राज्यघटनेत ‘गुलाम’ हा शब्दच नाही. त्यांना ‘इतर व्यक्ती’ म्हटलं आहे, आणि प्रतिनिधींची संख्या ठरवताना त्यांची मोजणी पाचास तीन या प्रमाणात करायची असं ठरवलं आहे. गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही, हेही त्यातच.

मी जन्मभर बँकेत काढला, त्यामुळे हे वाचताना मला आमचं ‘सस्पेन्स’ खातं आठवलं. ज्या रकमेचं काय करायचं ते ठरत नाही, ती त्या खात्यात टाकायची. संध्याकाळी ताळा जुळतो आणि माणसं वेळेवर घरी जातात. पण नोंद तिथेच असते, आणि जितकी जुनी होईल तितकी निस्तरायला जड जाते. अमेरिकेने ती नोंद सत्तरहून अधिक वर्षं तशीच ठेवली. निस्तरली तेव्हा १८६१ ते १८६५ च्या यादवीत सहा लाखांहून अधिक माणसं मेली होती.

हे सगळं दहा वर्षांच्या मुलाला सांगावं का? तिथेही यावर वाद आहे आणि कडाक्याचा आहे. एक पक्ष म्हणतो, मुलांना देशाचा अभिमान वाटेल तेवढंच शिकवा. दुसऱ्या पक्षाचं बोलणं ऐकलं तर वाटावं, या देशात लबाडीखेरीज काही घडलंच नाही. मला दोन्ही पक्ष अर्धं पासबुक दाखवणारे वाटतात. १६१९ ची सभा खोटी नव्हती आणि ते जहाजही खोटं नव्हतं. मुलांना हे पेलत नाही, असं मोठ्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. मी नातवाला दोन्ही गोष्टी सांगितल्या तेव्हा तो रडला नाही, की देशावर रागावलाही नाही. त्याने फक्त विचारलं, ‘मग ते वीस लोक नंतर कुठे गेले?’ इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावा असाच हा प्रश्न होता.

त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला अजून द्यायचं होतं. ते सापडलं १७९० च्या कायद्यात. नव्या देशाचं नागरिकत्व कुणाला मिळेल? ‘मुक्त गोऱ्या’ माणसाला, असं तो कायदा सांगतो. या एका ओळीचं आयुष्य फार मोठं ठरलं. पंजाबातून गेलेले भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरी १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सांगितलं, तुम्ही गोरे नाही, नागरिक होऊ शकत नाही. आधी मिळालेलं नागरिकत्वही त्यानंतर अनेक भारतीयांनी गमावलं. हे दार १९४६ मध्ये उघडलं, तेही किलकिलं. नव्याने येणाऱ्या भारतीयांसाठी वर्षाला शंभर जागा. खऱ्या अर्थाने ते उघडलं १९६५ च्या कायद्याने, आणि तो आला काळ्या लोकांनी नागरी हक्कांसाठी केलेल्या लढ्याच्या लाटेवर.

आणि नातवाचं स्वतःचं नागरिकत्व? ते १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीचं देणं. या देशात जन्मला आणि इथल्या कायद्याखाली आला तो इथला नागरिक, असं ती सांगते. तिची गरज पडली ती गुलामीतून सुटलेल्यांना नागरिक करून घेण्यासाठी. पुढे १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क या चिनी आईबापांच्या मुलाने तिच्या आधाराने न्यायालयात आपला हक्क मिळवला. त्याच्या आईबापांना तर नागरिक होण्याची मुभाच नव्हती.

मी नातवाला सांगितलं, ‘तेव्हा आपण इथे असतो, तर नागरिक नसतो. पण आज तू आहेस, आणि ते त्या जहाजातून उतरवलेल्या माणसांच्या लेकरांमुळे.’ त्याने हे एका कागदावर लिहून घेतलं. वसाहत दिनाला तो छापखानेवालाच झाला.

या गोष्टीतलं मर्म पुण्यातल्या एका माणसाला आपल्या कितीतरी आधी कळलं होतं. जोतीराव फुले अमेरिकेला कधी गेले नाहीत. थॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ मात्र त्यांनी तरुणपणीच वाचलं होतं, आणि १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा ती गुलामी संपवण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली. परक्या देशाचा इतिहास त्यांनी आपल्या उपयोगासाठी वाचला. आम्ही मात्र त्याच देशात सहा-सहा महिने राहून मारुतीच्या देवळाचं वय सांगत बसतो!

म्हणून माझ्यासारख्या आजी-आजोबांना सांगावंसं वाटतं. बॅगेत मेतकूट, भाजणी, गोडा मसाला जरूर न्या. नातवंडांना शिवाजीमहाराजांच्या गोष्टीही जरूर सांगा. पण ती ज्या देशात वाढताहेत त्याच्या इतिहासाचं पुस्तक एकदा त्यांच्या शेजारी बसून वाचा. नाहीतर शाळेत त्यांना तो इतिहास परक्याचा वाटेल आणि घरी आपला इतिहास पाहुण्यांचा.

मला त्या वाचनाची किंमतही मोजावी लागली. ‘आपण तेव्हा पेशवाईत होतो’ हे मी ऐटीत सांगितलं होतं. परत आल्यावर आमच्या घराण्याची वंशावळ काढली. तीत इनाम जमिनीचा उल्लेख आहे, कोणत्या पूर्वजाला ती मिळाली हेही आहे. त्या जमिनीत राबलं कोण, गावात त्यांची घरं कुठल्या बाजूला होती, पाणी त्यांनी कुठून भरलं, याबद्दल एक अक्षर नाही. आमच्या वंशावळीतही ते ‘इतर व्यक्ती’च. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

गेल्या रविवारी फोनवर नातवाने विचारलं, ‘आजोबा, त्या जमिनीवरच्या लोकांची नावं मिळाली?’

‘शोधतोय रे,’ मी म्हणालो.

‘मग लायब्ररीत जा ना,’ तो म्हणाला.