‘बहात्तराव्या वर्षीही’ मधला ‘ही’

नातीने माझ्या मोबाईलवर लोरेटा लिनची गाणी भरून दिली आहेत. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतलं, शेतांतलं, खाणींतलं संगीत म्हणजे कंट्री. ही बाई त्यातली मोठी गायिका. १९३२ मध्ये केंटकीच्या डोंगरात, कोळसा खाणकामगाराच्या घरी जन्मली. पंधराव्या वर्षी लग्न, पाठोपाठ मुलं. मग नवऱ्याने गिटार आणून दिली आणि ती स्वतःची स्वतः शिकली! नवऱ्याचं पिणं, त्याची लफडी, सततची बाळंतपणं, जे भोगलं ते तिने गाण्यात घातलं. १९७५ मध्ये तिने गर्भनिरोधक गोळीवर गाणं काढलं तेव्हा कित्येक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला होता.

पण मला लिहायचंय ते तिच्या २००४ सालच्या ‘व्हॅन लिअर रोझ’ या अल्बमबद्दल. तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती. निर्माता होता जॅक व्हाइट, अठ्ठावीस वर्षांचा रॉक गायक, तिचा निस्सीम चाहता. समीक्षकांनी अल्बम डोक्यावर घेतला. २००५ मध्ये दोन ग्रॅमी मिळाले, त्यातला एक सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा. आणि गंमत बघा, कंट्री रेडिओने मात्र तो फारसा वाजवलाच नाही. जिथे तिने उभं आयुष्य घालवलं, त्या घरालाच ती जुनी झाली होती!

रेडिओवाल्यांचा राग येतोच. पण खरं सांगू? मला कौतुकाबद्दलही थोडी तक्रार आहे.

जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळे अव्ययांकडे लक्ष जातंच. ‘बहात्तराव्या वर्षीही’ यातला ‘ही’ दिसायला एवढासा, पण सगळा अर्थ फिरवतो. कौतुक गाण्याचं राहत नाही, वयाचं होतं. दुसरं म्हणजे, या अल्बमचा विषय निघाला की पुष्कळदा आधी नाव येतं जॅक व्हाइटचं. त्याने तिला ‘पुन्हा उभं केलं’ म्हणे! त्याचं श्रेय मी नाकारत नाही. दणदणीत गिटारी त्याने आणल्या, गुळगुळीतपणा काढून टाकला, आणि हे करायला तिच्यावर श्रद्धा असलेला माणूसच लागतो. पण सगळी गाणी तिने लिहिलेली आहेत. एका गाण्यात त्याचा वाटा आहे, एवढंच. अख्खा अल्बम तिच्याच शब्दांचा. मग कोणी कोणाला उभं केलं?

शीर्षकगीत तिच्या आईवर आहे. व्हॅन लिअर हे तिच्या घराजवळचं खाणीचं गाव, आणि तिथला गुलाब म्हणजे तिची आई. दुसऱ्या एका गाण्यात नवऱ्याच्या मागे उरलेलं एकटेपण आहे. तो १९९६ मध्ये गेला. त्याच्यावर चिडून तिने किती गाणी लिहिली होती, आणि आता ‘मिसेस’ असण्याची आठवण येते म्हणते. हे तिशीत लिहिता आलं नसतं. तिथे वय ही अडचण नाही, तेच भांडवल आहे.

त्यानंतरही ती थांबली नाही. २०१७ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तरी २०१८ आणि २०२१ मध्ये नवे अल्बम आले. ४ ऑक्टोबर २०२२ ला, नव्वदाव्या वर्षी, ती गेली.

आपल्याकडे काय वेगळं आहे? घरात चार माणसं जमली की म्हाताऱ्यांना फर्माईश होते, ‘आजी, ती तुमची जुनी गोष्ट सांगा ना.’ सांगते मी. आवडतं मला. पण ‘आजी, सध्या तुझ्या डोक्यात काय चाललंय?’ असं विचारणारं क्वचितच भेटतं. आम्ही जणू जुन्या गोष्टींचं कपाट, उघडायचं आणि हवं ते काढायचं. प्रेमाने केलेलं असतं, म्हणून बोलता येत नाही.

असो. नातेवाईक मंडळी हे वाचतात हे मला ठाऊक आहे, तेव्हा रुसू नका! फक्त पुढच्या वेळी भेटाल तेव्हा जुन्या गोष्टीनंतर एखादी नवीही विचारा. (इथला ‘ही’ चालेल.)