एका रात्रीत तीन लढती

रायपुरातल्या एखाद्या मराठी घरात शाळकरी मुलगी किक बॉक्सिंगच्या स्पर्धेचा फॉर्म आईपुढे ठेवते. त्यावर प्रकार छापलेले असतात: पॉइंट फाइट, लाइट कॉन्टॅक्ट, किक लाइट, फुल कॉन्टॅक्ट, लो किक आणि के-वन. आई शेवटच्या नावावर अडखळते. नागपंचमीचं दंगल पाहणाऱ्या या शहराला कुस्ती नवी नाही. पण हे के-वन काय प्रकरण आहे?

मुळात 'किक बॉक्सिंग' हे नावच जपानी डोक्यातून निघालेलं. ओसामू नोगुची नावाचा जपानी माणूस बॉक्सिंगच्या लढती भरवायचा. थायलंडचं मुए थाय पाहून त्यानं त्याची कराटेशी सांगड घातली आणि १९६६ मध्ये नव्या खेळाचं बारसं केलं. तादाशी सावामुरा हा त्याचा पहिला नायक टीव्हीमुळे जपानमध्ये घराघरांत पोचला.

पण प्रत्येक पंथाचे नियम वेगळे, त्यामुळे श्रेष्ठ कोण याचा निकाल काही लागेना. कराटेचे गुरू काझुयोशी इशी यांनी त्यावर तोडगा काढला. नियम सगळ्यांना सारखे, फेरी तीन मिनिटांची, गुडघा चालेल, कोपर मात्र नाही आणि प्रतिस्पर्ध्याला मिठी मारून वेळ काढणं बंद. नावातला 'के' कराटे, किक बॉक्सिंग, कुंग फू यांचा. ३० एप्रिल १९९३ रोजी टोकियोच्या योयोगी स्टेडियममध्ये आठजण उतरले. विजेता व्हायचं तर एकाच रात्री तिघांना हरवायचं! ते करून दाखवलं क्रोएशियाच्या ब्रान्को सिकाटिच यानं, तेही वयाच्या ३८व्या वर्षी.

गंमत पुढेच आहे. १९९३ ते २०१० या काळात वजनदार गटाच्या १८ मुख्य स्पर्धा झाल्या. त्यांतल्या १५ डच खेळाडूंनी जिंकल्या. अर्नेस्टो होस्ट आणि सेमी शिल्ट प्रत्येकी चार वेळा, पीटर आर्ट्स आणि रेमी बोन्यास्की तीन-तीन वेळा, अॅलिस्टर ओव्हरीम एकदा. जपानी विजेता एकही नाही! मुसाशी २००३ आणि २००४ मध्ये अंतिम लढतीपर्यंत गेला, पण दोन्ही वेळा बोन्यास्कीकडून हरला. डचांनी हा खेळ उचलला होता जपानी आखाड्यांतूनच. गुरूची विद्या गुरूलाच म्हणतात ती अशी.

१९९६ चा विजेता स्वित्झर्लंडचा अँडी हुग जपानी प्रेक्षकांचा फार लाडका होता. २००० मध्ये, वयाच्या अवघ्या ३५व्या वर्षी, ल्युकेमियानं टोकियोतच त्याचा मृत्यू झाला.

सर्वांत विलक्षण कहाणी मात्र २००२ ची. उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेच्या राक्षसी देहाच्या बॉब सॅपनं होस्टला हरवलं. पण या विजयात सॅपचा हात दुखावला आणि त्याला पुढे खेळता येईना. मग हरलेल्या होस्टलाच परत बोलावलं गेलं. मार खाल्लेल्या अंगानं तो पुन्हा उभा राहिला, उपांत्य फेरी जिंकला, अंतिम लढतीत जेरोम ले बॅनरला हरवलं आणि चौथ्यांदा विजेता झाला. पराक्रम खराच. पण दुखऱ्या अंगानं त्याच रात्री पुन्हा रिंगमध्ये उतरणं ही शरीराची परवड नाही तर काय? प्रेक्षकांना आणि टीव्हीला मात्र तेच हवं होतं.

पुढे इशी करचुकवेगिरीच्या प्रकरणात तुरुंगात गेले. संस्थाही पैशाच्या अडचणीत सापडून हातोहात विकली गेली. २०१४ पासून जपानमध्ये के-वन नव्या रूपात सुरू झालं. नियमांना मात्र या पडझडीची झळ लागली नाही. किक बॉक्सिंगच्या 'वाको' या जागतिक संघटनेनं 'के-वन' हा रिंगमधला एक प्रकार म्हणून स्वीकारला. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं या संघटनेला मान्यता दिली. रायपूरच्या फॉर्मवर ते नाव आलं ते असं.

तेव्हा आईनं नावाला घाबरू नये, पण चार प्रश्न जरूर विचारावेत. पॉइंट फाइट, लाइट कॉन्टॅक्ट, किक लाइट हे हलक्या हातानं, चटईवर खेळायचे प्रकार. फुल कॉन्टॅक्ट, लो किक, के-वन हे रिंगमधले, पूर्ण ताकदीचे. मुलगी यांतलं काय खेळणार? हेल्मेट, दातांचं गार्ड, पायाचे पॅड आहेत ना? स्पर्धेला डॉक्टर हजर असतो का? आणि डोक्याला फटका बसून मुलगी गरगरली, तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत तिला घरी बसवायला प्रशिक्षक तयार आहेत का?