बेस हवा, बेसवाला नको

परवा आमच्या आळीतल्या मंडळाची बैठक झाली. यंदाच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ जुन्या गाण्यांची ठेवायची, एवढं एकमताने ठरलं. मुरुडात एकमताने काही ठरणं ही दुर्मिळ गोष्ट, म्हणून मी मनातल्या मनात देवाचे आभारही मानले. मग खर्चाचा कागद पुढे आला. कीबोर्ड, ढोलक-तबला, ऑक्टोपॅड, गिटार, बेस गिटार, दोन गायक. खजिनदारांनी पेन उघडलं आणि सगळ्यात आधी काट मारली ती बेस गिटारवर. "हा काय वाजवतो ते कुणाला ऐकू तरी येतं का?" सगळे हसले. मीही हसलो.

एकावर काट मारल्यावर हात सैल होतो. कुणीतरी मोबाइल काढला, एका गाण्याचा तयार ट्रॅक लावला आणि म्हणाला, "बघा, सगळी वाद्यं यात आहेतच. मग माणसं कशाला?" पाच मिनिटांत सगळे वादक गेले, दोन गायक तेवढे उरले. वाचलेल्या पैशांतून काय घ्यायचं यावरही एकमत झालं : विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी डीजेवाल्याकडून बेसचे दोन जास्तीचे खोके!

म्हणजे बेस हवा, पण बेसवाला नको. बैठकीचा अध्यक्ष म्हणून त्या कागदावर मी सही केली. घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून हा लेख.

मी काही संगीतातला जाणकार नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि पस्तीस वर्षं मराठीच शिकवलं. पण त्या काट मारलेल्या ओळीवरचा माणूस माझा विद्यार्थी आहे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्याला पुढच्या सुपाऱ्या मिळायला हव्यात. (मुरुडबाहेरच्या वाचकांसाठी : आमच्याकडे सुपारी म्हणजे वाडीतली. वादकांच्या भाषेत सुपारी म्हणजे ठरलेलं काम. पोफळीची सुपारी निदान बागाईतदाराला दिसते तरी!)

नववीत असताना तो बाकावर चार बोटांनी ठेका धरायचा आणि माझा मार खायचा. बाप मासेमारीच्या होडीवर. पुढे मुंबईला मामाकडे राहिला, तिथे बेस गिटार शिकला. सुट्टीत भेटायला आला तेव्हा मी मास्तरी थाटात विचारलं, "अरे, चार तारांवर पोट भरतं का?" तो म्हणाला, "सर, सहा तारांवाले गल्लोगल्ली आहेत. चार तारांवाला कुणाला व्हायचं नसतं, म्हणून मला लगेच काम मिळतं." त्याचं उत्तर मला तेव्हा उद्धट वाटलं. आज कळतं की तो खरं बोलत होता. बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनींकडेसुद्धा हे वाद्य १९६१ साली असंच आलं. आधीचा बेसवादक सोडून गेला, दुसरा कुणी घ्यायला तयार नव्हता, म्हणून त्यांनी घेतलं.

आता हे वाद्य करतं काय? त्याने मला समजावलं तसं सांगतो. साध्या गिटारच्या खालच्या चार तारा जे स्वर देतात, तेच स्वर हे वाद्य एक सप्तक खाली देतं. सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला एवढा खालचा स्वर झेपतच नाही. म्हणजे आमच्या समितीने मोबाइलवर ट्रॅक ऐकून "काही फरक पडत नाही" असा निकाल दिला, तो खिडकी बंद करून समुद्र शांत आहे म्हणण्यासारखा!

पूर्वी हे काम माणसाएवढ्या उंच डबल बेसवर होई. १९५१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी पडदे असलेली, गळ्यात अडकवता येईल अशी विजेची बेस गिटार बाजारात आणली आणि बेसवादक प्रथमच आपलं वाद्य बसमध्ये घेऊन बसू शकला. आपल्या सिनेसंगीतातही ती आली. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतली ती खालून चालणारी, गाण्याला पुढे ढकलणारी चाल आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्यांच्याकडे टोनी वाझ बेस वाजवत. हे नाव तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला तरी नव्हतं. गायक, संगीतकार, गीतकार, नट सगळे पाठ. वादकांची नावं तबकडीच्या वेष्टनावर सहसा नसतच. मुंबईच्या स्टुडिओंत आयुष्य घालवलेल्या या वादकांवर मोठा अभ्यासग्रंथ आला तो २००८ साली, आणि लिहिला तो न्यूझीलंडमधल्या विद्यापीठातल्या ग्रेगरी बूथ या प्राध्यापकाने. आपल्या घरातली माणसं मोजायला पाहुणा यावा लागला.

आणि मंडळी, ही जागा आपल्या परंपरेला नवी आहे असंही नाही. पोवाड्यात शाहिराच्या मागे झील धरणारे असतात. गायकाच्या मागे तंबोरा असतो. कीर्तनात टाळकरी असतात. शाहीर श्वास घ्यायला थांबतो तेव्हा पोवाडा खाली पडत नाही, तो झीलकऱ्यांच्या खांद्यावर असतो म्हणून. मी वर्गात शाहिरी काव्य शिकवताना हे रंगवून सांगत असे. आणि माझाच विद्यार्थी झीलकरी झाला तेव्हा त्याला पोटापाण्याचा उपदेश केला!

त्याचा एक दिवस ऐका. कार्यक्रम पनवेलकडे असेल तर दुपारीच एसटी धरायची. वाद्य चारेक किलोचं, पण लांब. वरच्या फळीवर ठेवलं आणि एका वळणावर पडलं तर मानेला तडा जातो, म्हणून मांडीवर उभं धरून बसायचं. अर्ध्या तिकिटाचं पोर असल्यासारखं! पूर्वी स्वतःचा वीस किलोचा अँप्लिफायर न्यायचा, त्यात कंबर गेली. आता एका छोट्या डबीतून वायर थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला. मग साउंडवाला ऐकवील तेवढंच ऐकायचं. जनरेटरचं अर्थिंग धड नसलं की स्पीकर गुणगुणतो, आणि कोरसला तोंड माइकजवळ नेलं की ओठाला झटका बसतो. चार तास उभं राहून वाजवायचं. जेवायला बसायचं वाढप्यांबरोबर. पाकीट "उद्या देतो" म्हणून राहिलं तर दहा फोन. रात्री मुरुडची गाडी नसते, म्हणून अलिबाग स्टँडच्या बाकावर वाद्य उशाला घेऊन पहाटेची वाट बघायची.

त्यात आमची खारी हवा. तारा महिनाभरात तांबेरतात. परदेशी तारांचा नवा संच परवडत नाही, म्हणून जुन्या तारा उकळत्या पाण्यात टाकून त्यातला मळ काढतो, पुसून पुन्हा चढवतो. त्याची आई विचारते, आज कालवण कसलं?

गणपती, नवरात्र, ३१ डिसेंबर, मग मेपर्यंत लग्नं. जून लागला की सुपाऱ्या बंद. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीलाही बंदी, त्यामुळे बाप होडी शाकारून घरी आणि मुलगा गिटार गुंडाळून घरी. २०२० साली मार्चमध्येच टाळेबंदी लागली आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. पत्रे उडाले, वाद्य रात्रभर पाण्यात. पंचनाम्यात घर लिहिलं गेलं, झाडं मोजली गेली. गिटारचं नाव काढलं तेव्हा उत्तर आलं, "ते हौसेचं सामान." ज्यावर घर चालत होतं ते हौसेचं सामान!

मॅकार्टनींनी १९६१ साली घेतलेली ती बेस गिटार १९७२ साली लंडनमध्ये चोरीला गेली होती. ती सापडल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालं, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापलं. मी ते वाचून खूश झालो होतो, कात्रणही ठेवलं आहे. शेजारच्या वाडीतली गिटार भिजली तेव्हा मात्र मी साधी चौकशीला गेलो नव्हतो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे.

आता मिरवणुकीच्या बेसबद्दल. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी (वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार १२ पर्यंत सूट देतं), निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली यावर सविस्तर निकाल दिला. पण एक गोम पाहा. ही मोजणी ज्या पद्धतीने होते ती कानाच्या संवेदनशीलतेला धरून आहे, त्यामुळे खालचे स्वर त्यात कमी धरले जातात. ४० कंपनांच्या आसपास तर सुमारे ३५ डेसिबल वजा! म्हणजे छाती धडधडवणारा, खिडक्यांची तावदानं हलवणारा आवाज मीटरवर गरीब दिसतो. आमच्या आळीत तान्ही बाळं आहेत, हृदयाचे रुग्ण आहेत, माझ्यासारखे म्हातारे आहेत. त्यांच्या छातीवर जो बेस आदळतो त्याला पैसे आहेत. जो बेस गाण्याला तोलून धरतो त्याला नाहीत.

काही जण म्हणतील, "सर, काळ बदलला. ट्रॅक स्वस्त पडतो, उशिरा येत नाही, जेवण मागत नाही." खरं आहे. ज्या शाळेकडे पाचशे रुपयेच आहेत तिने जरूर ट्रॅक लावावा, माझी हरकत नाही. पण आमच्याकडे पैसे होते! आम्ही माणसाचे काढून खोक्यांना दिले. शिवाय ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे गाणाऱ्या एका आजी दुसरं कडवं विसरल्या. माझ्या विद्यार्थ्याने आणि ढोलकवाल्याने एकमेकांकडे पाहिलं, तोच ठेका चार वेळा फिरवला, आजींना ओळ आठवली आणि प्रेक्षकांना काही कळलंही नाही. ट्रॅक असता तर पुढे निघून गेला असता आणि आजी भर मंडपात उभ्या राहिल्या असत्या. "हा काय वाजवतो" या खजिनदारांच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

आणखी एक म्हणतील, "मग तरुणांनी हे वाद्य शिकूच नये." शिकतील तर! मुंबईत वाढलेल्या मोहिनी डे या तरुणीने बेस वाजवून जगभरचे मंच गाजवले आहेत. गुण आपल्याकडे आहेत, पण त्यांना पहिली दहा वर्षं जगवायला गावोगावचे छोटे मंच लागतात. ते मंच म्हणजे आपण.

कायदासुद्धा आमच्या समितीपेक्षा पुढे आहे. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाला हक्क मिळाला, २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणाच्या व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचाही. कायद्याच्या व्याख्येत गायकाच्या जोडीला वादकही आहे. मंडपात मात्र तो "आणि साथीदार" या दोन शब्दांत संपतो.

म्हणून रविवारच्या बैठकीत मी माझी सही मागे घेणार आहे आणि पुढील गोष्टी मागणार आहे. पाचही वादक परत बोलवा. फलकावर गायकांच्या खाली प्रत्येक वादकाचं नाव लिहा. पाकीट कार्यक्रमाआधी द्या आणि जेवण पाहुण्यांच्या पंगतीत. मिरवणुकीतले जास्तीचे दोन खोके रद्द करा. एवढ्याने हिशेब जुळतो, मी कागदावर मांडून पाहिला आहे. दोनशे रुपये उरतातसुद्धा.

समिती ऐकेल का? सांगता येत नाही. खजिनदारही माझेच विद्यार्थी, आणि त्यांचं गणित पहिल्यापासून चांगलं. न ऐकल्यास अध्यक्षपद सोडीन, त्यात फार मोठा त्याग नाही, कारण खुर्चीचा एक पाय तसाही हलतो.

काल संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर तारा पुसत बसला होता. झाला प्रकार मी सांगितला. तो रागावला नाही. "सर, सवय आहे," म्हणाला, आणि आतून चहा मागवला. मला तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

असो. बैठकीत काय झालं ते कळवीनच.