जवसाचे निळे फूल

परवा रविवारी सकाळी आम्ही एका जुन्या स्नेह्यांच्या घरी गेलो होतो. आमच्याच शाळेत त्यांनी अनेक वर्षे चित्रकला शिकविली आणि निवृत्त झाल्यापासून ते तैलरंगांत रमले आहेत. ‘माझे नाव मासिकात छापायचे नाही’ या अटीवर त्यांनी आपली नवी चित्रे आम्हांस दाखविली. म्हणून वाचकांनी त्यांना नुसते ‘मास्तर’ म्हणूनच ओळखावे.

चित्रे सहा योजिलेली, विषय एकच. क्षिप्रेपलीकडचे एक शेत आणि त्याच्या बांधावरचा एक लिंब. क्रम मात्र ‘ऋतुसंहारा’चा, म्हणजे आरंभ ग्रीष्मापासून. ग्रीष्मात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगा. शरदात पिकून तांबूस झालेले सोयाबीन. हेमंतात गव्हाचे कोवळे पोपटी अंकुर. वसंतात पिकला गहू आणि दूरवर पळसाचा एकच लाल ठिपका. आम्ही सर्वांत अधिक रेंगाळलो ते शिशिराच्या चित्रापाशी. तेथे गव्हाच्या कडेने जवसाचा एक अरुंद पट्टा फुलला होता. ती निळाई आकाशाची नव्हे, मोराच्या गळ्याचीही नव्हे. धुक्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या सकाळची ती निळाई होती.

मास्तर म्हणाले, “सर, हे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत पाकळ्या गाळून मोकळे होते. पण त्याच्याच बियांच्या तेलात हे सगळे रंग खललेले आहेत.”

आम्ही चकित झालो. ज्या जवसाची चटणी आपल्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भाकरीबरोबर खाल्ली जाते, त्याच जवसाच्या तेलावर जगातील थोर तैलचित्रे उभी आहेत! हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू घेऊन ते सावकाश घट्ट होते. पातळ थराला वरवर वाळण्यास काही दिवस लागतात, जाड थराला आतपर्यंत वाळण्यास कित्येक महिने. तोवर ऋतू कुठच्या कुठे निघून गेलेला असतो. म्हणून मास्तर शेतावर जाऊन लहानसे रेखाटन करतात, रंगांची टिपणे घेतात आणि मोठे चित्र घरी पुढे महिनोन्‌महिने चालते. हात कितीही सावकाश चालो, डोळ्याने मात्र त्या दिवशी, त्या घटकेलाच नीट पाहिलेले असावे लागते.

ही शिस्त माळव्याला नवी नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली इंदूरला चित्रकलेची शाळा सुरू केली आणि विद्यार्थ्यांना चार भिंतींबाहेर काढून उघड्यावर निसर्ग पाहावयास शिकविले. नारायण श्रीधर बेंद्रे हे त्यांचेच शिष्य. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनीही तेथेच धडे घेतले. १९१० साली इंदुरात जन्मलेले बेंद्रे पुढे काश्मीरात राहिले, १९५० पासून सोळा वर्षे त्यांनी बडोद्यास अध्यापन केले आणि उत्तरायुष्यात रंगांच्या बारीक ठिपक्यांतून प्रकाश उभा केला. प्रांत बदलले, शैली बदलल्या. परंतु त्या दृष्टीला पहिले वळण लागले ते आपल्या या पठारावरच्या उन्हात. आपल्या उज्जयिनीतही विष्णु श्रीधर वाकणकरांनी भारती कला भवन स्थापून कित्येकांच्या हाती कुंचला दिला. १९५८ पासून कार्तिकी एकादशीला कालिदास समारोह सुरू होतो. त्या निमित्ताने चित्रांतले यक्ष आणि मेघ आपण पुष्कळ पाहिले. आपल्या बांधावर पडणारा पाऊस आपण किती पाहिला, हा प्रश्न निराळा.

सहावे चित्र, म्हणजे वर्षा, भिंतीकडे तोंड करून ठेवलेले होते. आम्ही ते फिरविले. आभाळ अर्धे झालेले, शेताच्या जागी नुसता कोरा कॅनव्हास. मागच्या आषाढात मास्तरांनी ते आरंभिले. दमट हवेत थर वाळेनात, आभाळाचा रंग घटकेघटकेला पालटे. उरलेले पुढच्या पावसाळ्यात पाहू, असे त्यांनी ठरविले. पुढचा पावसाळा येण्यापूर्वीच शेतात चुन्याच्या रेघा पडल्या, भूखंड आखले गेले आणि लिंबही गेला.

“आठवणीने पुरे करा की,” आम्ही म्हणालो.

“जे पाहायचे राहिले, ते आठवणार कसे, सर?” एवढेच ते बोलले.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. मास्तर नोकरीत असताना परीक्षा जवळ आली की त्यांचे तास काढून गणिताला देण्याचा प्रघात आमच्याच सहीने चालत असे. वर्षे गेली, गणिताचे निकालही बरे लागले. पण आमची मुले आजतागायत चित्र काढतात ते दोन त्रिकोणी डोंगरांचे आणि त्यांमधून उगवणाऱ्या सूर्याचे. उज्जैनच्या सपाट मुलखात असा सूर्योदय त्यांतल्या कुणी पाहिला आहे? मास्तरांनी त्याबद्दल आम्हांस कधी बोल लावला नाही. परवाही लावला नाही. पण तो कोरा कॅनव्हास आम्हांस घरी येईपर्यंत दिसत राहिला.

सोमवारी आम्ही वेळापत्रक काढले. आता शनिवारचा शेवटचा तास चित्रकलेचा आहे आणि तो वर्गात होत नाही. मास्तरांना विनंती केली, ते आले. पाऊस नुकताच ओसरला होता. मुले आवारातील लिंबासमोर बसली. बहुतेकांनी सवयीने खोड तपकिरी रंगविले. सहावीतील एका मुलीचे खोड मात्र काळेभोर होते. आम्ही कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, “सर, ते भिजलंय ना.”

मास्तरांनी तो कागद हाती घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.